ई-पत्रावरचे न दिसणारे शिक्के



टपालानं पत्र आलं की आपण आधी शिक्का पाहतो. पत्र कोणत्या गावी टाकलं, कधी निघालं, हे पाकीट फोडण्याआधीच कळतं. संगणकावरून धाडलेल्या ई-मेललाही असेच शिक्के असतात. फक्त ते पडद्यावर सहसा दिसत नाहीत. त्यांना हेडर म्हणतात. आपण शीर्षओळी म्हणू.

ई-पत्रांच्या टपालकचेरीला सर्व्हर म्हणतात. वाटेतला प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर ‘रिसीव्हड’ नावाची एक ओळ जोडतो. यातल्या अगदी पहिल्या सर्व्हरच्या ओळीत पुष्कळदा पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, येतो.

आता यात बिघडलं कुठं? समजा, घरच्या जाचाला कंटाळून एखादी बाई परगावी राहायला गेली आहे. मुलाच्या शाळेच्या दाखल्यासाठी तिला सासरी पत्र धाडावं लागतं. मजकुरात ठावठिकाणा नाही; पण आयपी पत्त्यावरून इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि पुष्कळदा शहरही ताडता येतं. घर नंबर कळत नाही, हे खरं. पण शोधणाऱ्याला दिशा मिळते. तिनं न लिहिलेली गोष्ट पत्रानं सांगितली!

याला उपाय आहे, पण तो सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हाती. ‘पोस्टफिक्स’चं उदाहरण घेऊ. १९९८ साली खुला झालेला हा सर्व्हर आजही जगभर वापरात आहे. त्यात ‘हेडर चेक्स’ नावाची चाळणी आहे. एका फाइलीत नियम लिहायचे: अमुक नावाची ओळ आली की ‘इग्नोर’, म्हणजे गाळ, किंवा ‘रिप्लेस’, म्हणजे बदल.

मात्र चाळणी कुठं बसवायची, यातच खरी मेख आहे. ती सरसकट लावली तर बाहेरून येणाऱ्या पत्रांचेही शिक्के पुसले जातात. मग फसवं पत्र कोणत्या वाटेनं आलं, हे शोधायचं कसं? शिवाय एखादं पत्र दोन सर्व्हरांमध्ये गोलगोल फिरू लागलं, तर या ओळी मोजूनच ते ओळखतात. म्हणून २००८ सालच्या ‘आरएफसी ५३२१’ या नियमपत्रानं बजावलं आहे की, दुसऱ्यानं आधी जोडलेली रिसीव्हड ओळ बदलू अथवा काढू नये.

तेव्हा चाळणी फक्त आपल्या माणसांची पत्रं स्वीकारणाऱ्या दारावर, साधारणपणे ५८७ क्रमांकाच्या पोर्टवर, बसवावी. तिथली ओळ आपल्याच सर्व्हरची असते. तीही पुरती गाळण्यापेक्षा तिच्यातला पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता तेवढा बदलावा. वाटेचा माग राहतो आणि माणसाचं घर झाकलं जातं.

यानं गुन्हेगाराला आसरा मिळेल, अशी शंका कोणी काढील. पण सर्व्हरच्या नोंदवहीत पाठवणाऱ्याचा पत्ता नोंदलेला असतो आणि ती नोंद जपली असेल तर कायद्यानं मागता येते. पत्ता लपतो तो केवळ पत्र घेणाऱ्यापासून.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर एक ई-पत्र धाडा, त्याचा ‘मूळ संदेश’ उघडा आणि रिसीव्हड ओळी खालून वर वाचा. सर्वांत जुनी तळाशी असते. तिथं तुमचा आयपी पत्ता दिसला, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे चाळणी मागा. पत्रात काय सांगायचं, हे लिहिणाऱ्यानंच ठरवावं, नाही का?