मराठी वाचणारे मूल अभ्यासक्रमात कुठे आहे?



अध्यक्षांनी आधी आभार मानावेत आणि मग चिंता व्यक्त करावी, असा रिवाज आहे. आभार मी मनापासून मानते. चिंता मात्र सरकारची किंवा समाजाची नाही, विशेष शिक्षक घडवणाऱ्या आपल्याच प्रशिक्षण महाविद्यालयांची आहे.

कायद्याने आपल्याला बरेच दिले. 1992च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या पेशाला नोंदणी दिली. नोंदणी नसताना हे काम करणे हा गुन्हा ठरला. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि स्वमग्नता, अध्ययन अक्षमता स्वतंत्र नावाने त्यात आल्या. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण शाळांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवायला सांगितले, आणि 2022 साली केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण ठरवले. पदे भरायची तर माणसे घडवावी लागणार. ती कशी घडवतो आहोत?

आपण अपंगत्वाच्या एकाच प्रवर्गात पदविका किंवा बी.एड. देतो. ती घेऊन एखादी मुलगी फिरती शिक्षिका म्हणून तालुक्यात रुजू होते. एका शाळेत श्रवणयंत्राची बॅटरी संपून महिना झालेली मुलगी तिची वाट बघत असते, दुसऱ्या शाळेत घंटा वाजली की कान झाकून बाकाखाली जाणारा मुलगा, तिसरीत अंशतः दृष्टी असलेली आणि तरीही शेवटच्या बाकावर बसवलेली पोर. या शिक्षिकेचा प्रवर्ग यांतला एकच. बाकीचे ती गटसाधन केंद्रातल्या सहकाऱ्यांना विचारून, चुकत-माकत शिकते. तरीही हा दोष मी दुय्यम मानते, कारण अनुभवाने तो भरून निघतो. दुसरा दोष अनुभवानेही भरून निघत नाही. ज्या भाषेत मूल अडते, त्या भाषेबद्दल आपण प्रशिक्षणार्थींना जवळजवळ काही शिकवत नाही.

वाचनाच्या अडचणी म्हटले की आपल्या वर्गात आजही ‘बी’ आणि ‘डी’ या इंग्रजी अक्षरांच्या अदलाबदलीचे उदाहरण देतात. परीक्षेत ते लिहिले की गुण मिळतात. पण लातूरच्या किंवा चिपळूणच्या तिसरीतल्या मुलाला छळणारी अक्षरे वेगळी आहेत. तो ‘घ’ आणि ‘ध’मध्ये अडकतो, ‘भ’ला ‘म’ म्हणतो, ‘ख’ला ‘रव’ वाचतो. ‘दिवा’ या शब्दात डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि जिभेने मात्र आधी ‘द’ म्हणायचा असतो. ‘र’ तर बहुरूपीच: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटाशी, ‘ट्रक’मध्ये पायाशी, ‘सुऱ्या’मध्ये आणखी निराळा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ लिहायला एकच, बोलायला दोन. हे सगळे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की ते शिकवावे लागते, हेच आपण विसरतो.

याहून गंभीर बाब वेगाची आहे. इंग्रजीत शब्दाचे स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ कमी, म्हणून तिथे अडचण चुकांतून दिसते. इटालियन किंवा फिनिशसारख्या भाषांत, जिथे लिहिल्याप्रमाणे बोलतात, अध्ययन अक्षम मूल बऱ्याचदा अचूक वाचते, पण फार संथ. मराठी अशा भाषांच्या जवळची आहे. शिवाय मात्रा आणि जोडाक्षरांमुळे आपल्याकडे चिन्हांचा पसाराही मोठा. त्यामुळे नुसत्या चुका मोजणाऱ्या शिक्षिकेच्या हातून नेमके हेच मूल निसटते. ‘वाचता येते, पण आळशी आहे,’ असा शेरा त्याच्या वाट्याला येतो. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 साली भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सियाच्या चाचण्या आणल्या, त्यांत मराठीही आहे. त्या किती महाविद्यालयांत प्रशिक्षणार्थींच्या हातात पडतात, ते इथे बसलेल्या प्राचार्यांनी मनाशीच सांगावे. आणि नंदुरबारकडे जे मूल घरी भिली किंवा अहिराणी बोलते, त्याची अडचण भाषेची की अक्षमतेची, हे ओळखणे तर त्याहून अवघड.

म्हणून माझे म्हणणे असे, की सराव पाठांची संख्या कमी करा. टाचणे एकमेकींच्या वहीतून उतरतात, हे आपण सगळे जाणतो. त्याऐवजी प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडे एक मूल द्या, जूनपासून परीक्षेपर्यंत. त्याची प्रत्येक चूक, प्रत्येक अडखळणे मराठीत नोंदवायचे. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात ‘विद्यार्थ्याचे वाचन सुधारेल’ असे उद्दिष्ट आले, तर ते परत करायचे. ‘वेलांटीचे दोन अक्षरी दहा शब्द मदतीशिवाय वाचेल’ असे लिहून आणले, तर पुढे बोलायचे. आणि मुलाच्या आईला विचारायचे, कारण घरी ते कशापासून पळते, हे तिला आपल्या तपासणी सूचीपेक्षा आधी कळलेले असते.

हे काम वेळखाऊ आहे, आणि वेळ पगाराशी बांधलेला असतो. समारंभांत पाहुणे आपल्याला देवदूत म्हणतात तेव्हा मला धास्ती वाटते. देवदूताला वेतनश्रेणी द्यावी लागत नाही, ही त्यातली सोय. आपल्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षे कंत्राटावर काम केले आहे. ज्या शिक्षिकेला पुढच्या एप्रिलमध्ये आपण असू की नाही, हे ठाऊक नाही, तिच्याकडून मुलाच्या तीन वर्षांचा आराखडा कसा मागायचा?

दुपारच्या सत्रात तीन ठराव येतील. पहिला, मराठी वाचन-लेखनातील अडचणी हा प्रशिक्षणात स्वतंत्र विषय असावा. दुसरा, सराव पाठांचे निम्मे गुण एका मुलाच्या वर्षभराच्या नोंदींना मिळावेत. तिसरा, त्या नोंदी तपासताना परीक्षकांबरोबर मुलाच्या पालकांचेही म्हणणे ऐकावे. तिसऱ्याला विरोध होणार, याची मला कल्पना आहे. विरोधकांनी नावे आताच सचिवांकडे द्यावीत, त्यांना आधी बोलू देऊ.