कोटातला फेरफटका
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



प्रवासावर बोलणार म्हटल्यावर काशी-रामेश्वर नाहीतर काश्मीर ऐकायला मिळेल असे तुम्हाला वाटले असेल. मी मात्र तुम्हाला लोकलचे तिकीट काढून नेणार आहे, मुंबईच्या कोटात! वाटाड्या नाही, मोटार नाही. आम्ही तिघीजणी, पायांत जुन्या चपला, पिशवीत पाणी आणि भाचीने वहीच्या पानावर काढून दिलेला नकाशा.

कोटात मी तीस वर्षे नोकरी केली. पण माझी मुंबई म्हणजे स्टेशन ते कचेरी आणि कचेरी ते स्टेशन. संध्याकाळची गाडी चुकू नये, एवढेच ध्यान. मान वर करून एखादी इमारत पाहिली असेल तर शपथ!

शनिवारी सकाळी आम्ही गेटवेपाशी उभ्या राहिलो. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली येथे उतरला तेव्हा ही कमान बांधलेलीच नव्हती. ती खुली झाली १९२४ साली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी हिच्यातूनच निघून गेली. स्वागताची कमान चोवीस वर्षे पुरी व्हायच्या आतच निरोपाच्या कामी आली!

तेथून हॉर्निमन सर्कल. या जागी पूर्वी मोकळे मैदान होते आणि कापसाच्या गठ्ठ्यांचे ढीग लागत. समोर १८३३ साली पुरा झालेला टाऊन हॉल. त्याच्या पायऱ्या मी रोज पाहत असे, पण चढले कधीच नाही. ‘आपले काय काम तेथे?’ असे वाटे. वर एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे आणि आपल्या दुर्गाबाई भागवतांनी तेथे वर्षानुवर्षे बसून अभ्यास केला, हे ठाऊक असूनही! त्या दिवशी चढले. कोणी हटकले नाही. मला अडवणारी मीच होते.

जवळच सेंट थॉमसचे देऊळ, १७१८ सालचे. परळ-दादरकडे रस्त्याच्या कडेला जुने मैलाचे दगड आढळले आहेत, त्यांवरचे अंतर या देवळापासून मोजलेले आहे. कोटाच्या तटाची या बाजूची वेस ती चर्चगेट. तट १८६० नंतरच्या दशकात पाडला, वेस गेली, नाव राहिले. आपण ते नाव रोज घेतो. वेस कोठली, हे विचारतो का?

मग हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४ चे. बाजूला शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे. येथे आमच्यातल्या थोरल्या बाई एकदम थांबल्या. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथे गोळीबार झाला, तेव्हा त्यांचे वडील मोर्चात होते. त्या आठ वर्षांच्या. “आई रात्रभर दारात बसून होती गं,” त्या म्हणाल्या. वडील दुसऱ्या दिवशी सुखरूप परतले. कित्येकांचे परतले नाहीत. पुढे वीस वर्षे बाईंची बस याच चौकातून जात होती. पण खाली उतरून नावांवर हात ठेवला तो त्या सकाळी. आम्ही दोघी गप्प उभ्या राहिलो. वाटाड्या असता तर ‘चला, चला’ म्हणाला असता.

शेवट बोरीबंदरावर. १८५३ साली ठाण्याची पहिली गाडी येथूनच सुटली, आणि आमचीही सुटायची होती! सरळ चालले तर ही वाट पाऊण तासाची. आम्हाला चार तास लागले.

मैत्रिणींनो, घरच्यांना सोडायला आणि आणायला आपण पुष्कळ चालतो. एक सकाळ आपल्यासाठी चालावी. दमले तर बसावे, चुकले तर विचारावे. नकाशा मी मंडळाच्या कपाटात ठेवला आहे. तो नेणारीने एकच करावे, आपल्याला आढळलेली एखादी जागा त्यावर लिहून परत आणावा.