लिंबाच्या पानावरील पाहुणा

श्रोतेहो, वैनगंगेच्या खोऱ्यातील वडसा, अर्थात देसाईगंज, येथे घरामागच्या सांदवाडीत कागदी लिंबाचे झाड आणि गोडलिंबाचे रोप सहसा आढळतेच. पावसाळ्यात कोवळी पालवी फुटते, आणि थोड्याच दिवसांत पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात. घरधनी अळी शोधून चिरडून टाकतो. झाड वाचले, या समाधानात तो आत जातो. परंतु आपण नक्की काय नाहीसे केले, हे त्याला ठाऊक नसते.

ते जाणून घेण्याचे साधन आज बहुतेकांच्या खिशात आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने रोज एकाच फांदीचे एक छायाचित्र घ्यावे. प्रथम कोवळ्या पानावर मोहरीएवढे फिकट पिवळे अंडे दिसते. तीन-चार दिवसांनी निघणारी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी असते. शत्रूची नजर चुकविण्याचीच ती युक्ती होय. चौथ्यांदा कात टाकल्यावर ती हिरवीगार होते. तिला डिवचले, तर डोक्यामागून दुभंगलेले शिंगासारखे इंद्रिय बाहेर काढून ती उग्र दर्प सोडते. पुढे कमरेभोवती रेशमी धाग्याचा पट्टा घेऊन ती कोशात जाते, आणि कोशातून काळ्या-पिवळ्या नक्षीचे फुलपाखरू बाहेर येते.

परंतु कित्येकदा त्याच कोशाला भोक पडते आणि फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या कुळातील इवले कीटक बाहेर पडतात. अळीला आवर घालणारे हे झाडाचे राखणदार. विषारी औषध फवारणारा मनुष्य चोराबरोबर राखणदारालाही मारतो, हे अशा चित्रमालिकेवरून ध्यानी येते.

चित्र घेण्यास सकाळची वेळ उत्तम. गारव्यात कीटक मंद असतात. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. इतक्या जवळून थोडाच भाग स्पष्ट येतो, म्हणून निदान डोळे तरी स्पष्ट यावेत. हात भिंतीला किंवा काठीला टेकवावा आणि वारा थांबेपर्यंत धीर धरावा. पान तोडू नये, कीटकाला दोऱ्याने बांधू नये. चित्राबरोबर तारीख, ठिकाण व झाडाचे नाव लिहावे. त्यावाचून चित्र सुंदर असले, तरी ज्ञान म्हणून ते अपुरे राहते.

अशा निरीक्षणाचे मोल या प्रदेशास नवीन नाही. जवळच्या आरमोरी भागात ढिवर समाजातील कुटुंबे ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवितात. पक्षी आणि मुंग्या यांच्यापासून त्यांची राखण करतात. कोणती अळी कधी खाते, कधी कात टाकते, याच्या जाणिवेवर त्यांची मिळकत अवलंबून असते. फ्रान्समध्ये फाब्र नावाच्या शिक्षकाने 1879 साली सेरिन्यां गावी एक खडकाळ जागा घेतली आणि 1915 साली मरण येईपर्यंत तेथल्याच कीटकांचा अभ्यास केला.

लहान रोप मात्र अळ्यांच्या भूकेने निष्पर्ण होऊ शकते. तेथे अळ्या पानासह उचलून मोठ्या लिंबावर सोडाव्यात. मोठ्या झाडाला चार पाने गेल्याने काही बाधा होत नाही. तेव्हा अळी चिरडण्यास हात पुढे करण्यापूर्वी, श्रोतेहो, पंधरा-वीस दिवस तिची चित्रे घेऊन पाहावीत.