कॅट असो वा सीईटी, आधी आपले तास मोजा
(वर्धा येथे पदवीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



बजाजवाडी आपल्या गावातच आहे. त्याच जमनालालजींच्या नावाची व्यवस्थापन संस्था 1965 पासून मुंबई विद्यापीठात आहे आणि तिथे जायचा रस्ता एमबीए सीईटीतून जातो. त्याहून जवळचे म्हणजे मिहानमधले आयआयएम नागपूर, 2015 साली सुरू झालेले. तिथे कॅट लागते. दोन्हीकडे आपली मुले-मुली दिसायला हवीत. मी इंजिनीअर आहे, थेट हिशेबावर येतो.

बहुतेक जण तयारीची सुरुवात अभ्यासक्रमापासून करतात. धडे मोजतात, दिवसांनी भागतात आणि भिंतीवर तक्ता लावतात. तो तक्ता तिसऱ्या आठवड्यात खाली येतो, कारण त्यात दुकान नाही, नागपूरची रोजची गाडी नाही, घरातले लग्न नाही. म्हणून आधी आपल्या हातात तास किती, ते बघा.

समजा तुम्ही नोकरी करता किंवा वडिलांच्या दुकानात बसता. सहा दिवस रोज दीड तास आणि सुटीच्या दिवशी पाच, म्हणजे आठवड्याला 14 तास. जून ते नोव्हेंबर असे 26 आठवडे धरले तर 364. यातले पाव तास आजारपण, पाहुणे आणि सण खाणारच. (सॉफ्टवेअरमध्येही काम किती दिवसांत होईल असे विचारले की सगळे आशावादी होतात.) उरले साधारण 270. त्यात 15 सराव परीक्षा घ्या. प्रत्येकीला दोन तास सोडवायला आणि तीन तास चुका तपासायला, म्हणजे 75 तास. राहिले दोनशेच्या आत-बाहेर. तीन विभागांना प्रत्येकी 65.

65 तासांत सगळे गणित होत नाही, पण टक्केवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-वेग आणि साधे बीजगणित पक्के होते. तेवढे आधी करा, बाकीचे वेळ उरला तर. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी वाचन मात्र या तासांच्या बाहेर ठेवावे. वर्धा-नागपूर हे 75-80 किलोमीटरचे अंतर रोज कापणाऱ्यांना तो वेळ आयता मिळतो. लेख रात्रीच मोबाईलमध्ये उतरवून घ्या, वाटेत रेंज जाते.

दोन परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे. कॅटमध्ये 40-40 मिनिटांचे तीन विभाग असतात, चुकीच्या पर्यायाला एक गुण जातो आणि कोणता प्रश्न सोडायचा हे कळावे लागते. सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे एकाला 45 सेकंद, आणि चुकीचे गुण कापत नाहीत. म्हणून नोव्हेंबरपर्यंत कॅट, आणि डिसेंबरपासून त्याच पायावर नुसता वेग.

सीईटीचा रमजानशी संबंध येतो. 2025 मध्ये ईद 31 मार्चला होती आणि सीईटी 1 एप्रिलपासून. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तारखा आधीच कॅलेंडरवर मांडून बघा. लांब सराव परीक्षा रमजानपूर्वी संपवा. सहेरीनंतरचा तास उजळणीला चांगला, इफ्तारनंतर मोठे काम घेऊ नका.

आता पालकांशी बोलतो. कॅटच्या एका विभागातून 40 मिनिटे उठता येत नाही, म्हणून घरीही सलग 40 मिनिटे बसायची सवय लागते. मुलगा पुस्तक घेऊन बसला की टीव्हीचा आवाज कमी होतो. मुलगी बसली की दहा मिनिटांत हाक येते : चहा ठेव, दार बघ, धाकट्याला घे. तिचे दोन तास कागदावर दोनच दिसतात, प्रत्यक्षात त्यांचे बारा तुकडे झालेले असतात. मग निकाल लागला की आपण म्हणतो, हिला झेपले नाही. दिवसातून दोनदा 40 मिनिटे तिला हाक मारायची नाही, एवढे ठरवा. चहा भावालाही येतो.

कागदपत्रांचे तासही धरा. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत आणि आयआयएममध्ये नॉन-क्रिमिलेअर ओबीसींना 27 टक्के जागा आहेत. पण राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघा आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातच काढा. कॅटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरतात, सेतू केंद्रात जूनमध्येच जा.

पुढे ठेवलेल्या कागदावर कालचा दिवस तासातासाने लिहा, मोबाईलचा वेळही. पंधरा मिनिटांनी मी प्रत्येकाजवळ येतो, मग एकेकाचे तास बघू.