राग एकट्याचा नसतो



योगदर्शन आणि क्रोध असा विषय मला दिला आहे. जुन्नर-आंबेगावात रागावर बोलायचं तर बांधापासूनच सुरुवात करावी लागेल. भावकीचा राग आपल्याकडे वारशाने येतो, फक्त सातबाऱ्यावर त्याची नोंद नसते.

मोजणीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. भूमापक यंत्र लावून उभा आहे. एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा. दोघंही खरं तर गप्प आहेत. बोलतायत ते बाकीचे. मेहुणा मागून म्हणतो, "दाजी, आज सोडलंत तर उद्या घरात घुसतील." पुतण्याने मोबाइल काढलाय. चुलते बांधावर उकिडवे बसून तंबाखू मळतायत, बोलत काही नाहीत, पण त्यांच्या नुसत्या "हं"ला वजन आहे. हद्दीची खूण दोन हात अलीकडे पडते आणि थोरल्याच्या हातात फावडं येतं. पुढे जुन्नरच्या नाहीतर घोडेगावच्या कोर्टात तारखा सुरू होतात. तारखेला जातात दोघे भाऊच. मेहुण्याला नेमकं त्या दिवशी काम असतं.

पतंजलींना हा मेहुणा चांगला ठाऊक होता, असं मला योगसूत्रं वाचताना नेहमी वाटतं. दुसऱ्या पादात ते हिंसा वगैरे दोषांची वर्गवारी करतात, तेव्हा फावडं उचलणाऱ्यापाशी थांबत नाहीत. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान डोलावून मान्य केलेली अशी हिंसा तीन तऱ्हांची. तिच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह. शिवाय प्रत्येकीची सौम्य, मध्यम आणि तीव्र अशी मात्रा. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्याने याचा गुणाकार मांडून 27 प्रकार केले आहेत. म्हणजे थोरला, मेहुणा आणि तंबाखू मळणारे चुलते, तिघंही एकाच हिशेबात. फळही तिघांना एकच सांगितलंय: न संपणारं दुःख आणि अज्ञान. कोर्टाने मात्र अजून एकाही चुलत्याला "हं" म्हटल्याबद्दल समन्स काढलेलं नाही.

आपल्याकडे योग म्हणजे आसनं, एवढाच समज पक्का झालाय. पहाटे सूर्यनमस्कार घालून दुपारी शेजाऱ्याचा बांध कोरणारे साधक मी पाहिले आहेत. राग गिळा, असं योग सांगतो हाही तसाच गैरसमज. पतंजलींच्या मते द्वेष हा भोगलेल्या दुःखाच्या मागोमाग येतो आणि तो चार अवस्थांत राहतो: निद्रिस्त, क्षीण, दबलेला आणि उसळलेला. गिळलेला राग या यादीत तिसऱ्या जागी आहे. तो मेलेला नसतो, दबा धरून असतो. सणासुदीला एका पंगतीत बसणारे भाऊ वीस वर्षांनी एकमेकांची पाइपलाइन फोडतात, ते यामुळेच. श्वास सावकाश बाहेर सोडण्याचा उपायही पहिल्या पादात आहे. तो करावा, त्याने हात जरा थांबतो. पण मागे उभा असलेला मेहुणा श्वासाने गप्प होत नाही.

म्हणून मला मुक्ताबाईचे ताटीचे अभंग फार महत्त्वाचे वाटतात. कुणीतरी अपमान केला आणि ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, ही कथा कीर्तनात सगळ्यांनी ऐकली आहे. गीतेवर ज्ञानेश्वरी सांगणारा योगीसुद्धा दार लावून बसतो, हे आपल्या परंपरेने लपवलं नाही. बाहेर उभी होती मुक्ताबाई, चौघा भावंडांत सगळ्यात धाकटी. लोकांनी तिलाही संन्याशाची पोर म्हणून हिणवलं होतं. "दादा, लोक आहेतच तसले," एवढं ती म्हणाली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. पण ते अनुमोदन झालं असतं. तिने भावाच्या दुःखाला नाकारलं नाही आणि त्याच्या रागाला होकारही दिला नाही. तो कोण आहे याची त्यालाच आठवण देत ती दाराशी उभी राहिली.

आपल्याच जुन्नर तालुक्यात आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्याच्यावरून या भावंडांची टर उडवली गेली, तोच रेडा त्यांनी सोबत घेतला आणि आळ्याला त्याने देह ठेवल्यावर ज्ञानदेवांनी त्याला समाधी दिली, अशी श्रद्धा आहे. डूख धरणाऱ्यांच्या हातून हे होत नाही.

आता इथे कुणी तरी विचारणार, मग बिबट्यामुळे येणाऱ्या रागाचं काय? रास्त प्रश्न आहे. 2025च्या नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यात 13 वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर वनखात्याची गाडी जळाली, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. त्या आईबापांना योगसूत्रांतली मैत्री-करुणा शिकवायला जाणारा माणूस निर्दय म्हणावा लागेल. हा राग खोटा नाही. पण त्यातलाच एक भाग शहाणा आहे. उसाला रात्री पाणी भरायला जावं लागतं म्हणून थ्री-फेज वीज दिवसा द्या, ही मागणी याच भीतीतून आणि रागातून आली आहे. गाडी जाळल्याने एकही पिंजरा वाढत नाही. वीज दिवसा आली तर अंधारात उसात जाणारी माणसं वाचतात. रागाच्या भरात जमलेल्या गर्दीत "पेटवा" म्हणणारे पुष्कळ असतात, "निवेदन लिहा" म्हणणारा एखादाच. तो घाबरट नसतो.

तेव्हा माझी विनंती रागावलेल्यांना नाही, त्यांना सांगणारे खूप आहेत. मोजणीला, पंचायतीत किंवा रास्ता रोकोत जे मागे उभे असतात, त्यांना आहे. यंदा पावसाआधी ज्यांच्या भावकीत मोजणी लागली आहे, त्यांनी त्या दिवशी एक तर मुक्ताईसारखं बोलावं, नाहीतर घरी राहावं. आणि मोबाइल खिशातून काढूच नये.