मालिका संपल्यानंतरचा संवाद



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या पालक मेळाव्यात ‘मालिका आणि आपली किशोरवयीन मुले’ या विषयावर बोलण्याची आज्ञा विश्वस्तांनी केली. मी मानसशास्त्रज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाच्या गादीवर आयुष्य गेलेला व्यापारी आहे. गादीवर बसणाऱ्याला एक सवय लागते. ग्राहकाने काय मागितले याबरोबरच, काय मनात असून मागितले नाही, हेही तो ओळखू लागतो. आज घरातील मुलांच्या बाबतीत याच सवयीची गरज आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८७ मध्ये ‘रामायण’ आले तेव्हा एका संचासमोर अख्खी गल्ली बसत असे. सीताहरण पाहून लहान मूल घाबरले तर आजीच्या कुशीत शिरे आणि तिथल्या तिथे त्याची समजूत निघे. आज गंगापूर रोडवरील आपल्या सदनिकांत माणसे चार आणि पडदे पाच आहेत. मूल बंद खोलीत, कानाला यंत्र लावून, रात्री बारा वाजता काय पाहते आणि कोणत्या मनाने झोपते, हे आपणांस कळत नाही. जो संवाद पूर्वी आपोआप होत असे, तो आता ठरवून करावा लागणार आहे.

कोणी म्हणेल, असले विषय दाखवूच नयेत. मला ते पटत नाही. आपल्याच नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. मुलांच्या घरातून बाहेर पडावे लागलेला वृद्ध नट आणि जगण्या-मरण्याचा विचार उघडपणे मांडणारे त्याचे स्वगत पाहून प्रेक्षक रडले, आणि घरी जाऊन त्यावर बोललेही. दुःख पाहणे घातक नाही. ते एकट्याने गिळणे घातक आहे.

परंतु सर्वच चित्रणे सारखी नसतात. मार्च २०१७ मध्ये ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही अमेरिकन मालिका नेटफ्लिक्सवर आली. तीत आत्महत्या केलेली एक शाळकरी मुलगी आपल्या मृत्यूला जबाबदार असणाऱ्यांसाठी ध्वनिफिती मागे ठेवते. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, ती मालिका आल्यानंतरच्या एप्रिल महिन्यात १० ते १७ वयोगटातील आत्महत्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे २८.९ टक्के अधिक होते. कारण हीच मालिका होती असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि त्या आकड्यांवर इतर संशोधकांनी आक्षेपही घेतले. तरीही जुलै २०१९ मध्ये कंपनीने मृत्यूचा तो प्रसंग मालिकेतून काढून टाकला.

त्या कथेतील खरी खोट दुसरीकडे आहे. तिथे मदत मागायला गेलेल्या मुलीला एकही मोठे माणूस उपयोगी पडत नाही. कथानक पुढे न्यायचे असते, म्हणून लेखक एकेक दार बंद करत जातो. आपल्या मुलांना हेच सांगायला हवे, की कथेत बंद असलेली दारे जीवनात उघडी असतात. ‘तिच्या जागी तू असतास तर प्रथम कोणाकडे गेला असतास?’ एवढा एक प्रश्न पुरेसा आहे. मुलाने आपले नाव घेतले नाही तर रागावू नये. काका, आत्या, शिक्षक असे कोणाचेही नाव आले तरी आनंद मानावा.

मराठीतही २०२० मध्ये ‘देवमाणूस’ आली. २०१६ साली उघडकीस आलेल्या वाईच्या खूनसत्रावरून तिची कल्पना सुचली होती. अशी मालिका मुले पाहत असतील तर शेजारी बसावे. चेहरा गोड असला म्हणून विश्वास टाकावा का, एखाद्याने ‘घरी सांगू नकोस’ म्हटले तर काय करावे, हे विषय तिथूनच निघतात.

२०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरील कार्यक्रमांना ७, १३ व १६ वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी अशी वर्गवारी दाखवावी लागते. १३ वर्षांवरील वर्गापासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोयही द्यावी लागते. ती अवश्य वापरावी. मात्र हे कुलूप मित्राच्या मोबाईलला लागत नाही.

बोलायचे कसे? पाहुण्यांसमोर किंवा भरल्या ताटावर नको. गाडीत शेजारी बसलेले असताना, भाजी निवडताना, नजरेला नजर न भिडवताही मुले अधिक मोकळेपणाने बोलतात. आधी ऐकावे, उपदेश मागाहून करावा. वस्तूला अनेक बाजू असतात, ही अनेकांताची शिकवण आपण व्याख्यानात ऐकतो. पंधरा वर्षांच्या मुलीची बाजू ऐकताना ती आचरणात आणावी.

काही खुणा मात्र हलक्या घेऊ नयेत. झोप व भूक उडणे, मित्र तुटणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलणे. अशा वेळी ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे सरळ, शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मनावरचा भार हलका होतो, असे तज्ज्ञ सांगतात. उत्तर होकारार्थी आले तर मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. ‘समाजात कळेल, पुढे सोयरिकीला अडचण येईल’ या भीतीने कोणी थांबू नये. लौकिकापेक्षा लेकरू मोठे आहे.

या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या मुला-नातवंडांना ‘तू सध्या काय पाहतोस? मलाही दाखव’ असे म्हणावे आणि एक भाग शेवटपर्यंत सोबत पाहावा, एवढी विनंती करून माझे मनोगत पूर्ण करतो.