ज्याचा खर्च त्याच्या खाती
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रेणापूर येथे दिलेले भाषण)





सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी न्यायालय आणि तुरुंग हा विषय कशाला, असे विश्वस्तांनी मला विचारले नाही. घरी मात्र विचारले गेले. त्याचे उत्तर आपल्याच धर्मग्रंथात आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. येथे वध म्हणजे मारहाण. पाठशाळेत हे अतिचार शिकविताना बैलाचे, नाही तर घरच्या गड्याचे उदाहरण देण्याची रीत आहे. बैलाला आखूड दोरीने बांधू नये, त्याच्यावर जास्त ओझे लादू नये, त्याचे दाणापाणी तोडू नये. आता हेच पाच शब्द कारागृहाच्या दारावर ठेवून पाहा. बांधून ठेवणे, मारणे, अंगाला इजा करणे, पन्नासांच्या जागेत शंभर कोंबणे, अन्नपाण्यात काटछाट करणे. ज्या सरकारला आपण कर देतो, त्याच्या हातून यातले काही घडत असेल, तर त्याचा हिशेब मागणे हे आपल्या व्रताच्या कक्षेबाहेरचे काम नव्हे.

शिक्षा असूच नये, असे मी म्हणत नाही. दहाव्या शतकातील आपले आचार्य सोमदेवसूरी यांनी ‘नीतिवाक्यामृत’ हा राजनीतीवरचा ग्रंथ लिहिला. त्यात दंडाला वैद्यकाची उपमा आहे. दोष दूर करण्यासाठी दंड द्यावा, खजिना भरण्यासाठी देऊ नये, असा त्यांचा अभिप्राय. वैद्याने चुकीचे औषध दिले तर त्याला जाब विचारतात. राज्याने चुकीचा दंड दिला तर कोणाला विचारावयाचे आणि त्याचा खर्च कोणाच्या खाती टाकावयाचा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी. कायद्याचा पंडित नव्हे. म्हणून खातेवहीच्या भाषेत बोलतो.

पहिले खाते आपल्या समाजबांधवांचेच आहे. अमृतसर येथील कस्तुरीलाल रलियाराम जैन ही सराफी पेढी. तिचे एक भागीदार सप्टेंबर 1947 मध्ये सोने-चांदी घेऊन मेरठला गेले असता संशयावरून पोलिसांनी त्यांना अडविले, रात्रभर कोठडीत ठेवले आणि माल जप्त केला. दुसऱ्या दिवशी त्यांची जामिनावर सुटका झाली. पुढे चांदी परत मिळाली. शंभर तोळ्यांहून अधिक सोने मात्र ज्या पोलीस हवालदाराच्या ताब्यात होते, तो ते घेऊन पाकिस्तानात पळून गेला. पेढीने सरकारवर दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1964 मध्ये निकाल लागला. पोलिसांचा निष्काळजीपणा न्यायालयाने मान्य केला, परंतु अटक आणि जप्ती हे राज्याचे सार्वभौम अधिकार असल्याने भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही, असे ठरविले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते आपल्या महाराष्ट्राचे सुपुत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर. त्यांनाही हा निकाल देताना समाधान वाटले नसावे, कारण या बाबतीत विधिमंडळाने कायदा करावा, अशी सूचना त्यांनी त्याच निकालपत्रात केली. संसदेत विधेयके आली, परंतु कायदा झाला नाही. ग्राहकाचा ठेवलेला माल दुकानातील नोकराने पळविला, तर ‘दुकान चालविणे हा माझा सार्वभौम अधिकार आहे’ असे आपल्यापैकी कोणी म्हणू शकेल काय?

दुसरे खाते बिहारचे. रुदल शाह नावाचा कैदी जून 1968 मध्ये न्यायालयातून निर्दोष सुटला. तुरुंगातून बाहेर आला ऑक्टोबर 1982 मध्ये. निर्दोष ठरल्यानंतर चौदा वर्षे तो आतच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये त्याला एकूण 35,000 रुपये देण्याचा आदेश दिला. सार्वभौम अधिकाराची ढाल बाजूला सारून मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल थेट भरपाई देण्याची वाट या निकालाने मोकळी झाली, म्हणून वकील मंडळी त्याचा गौरव करतात आणि तो रास्तही आहे. परंतु भागाकार केला तर दिवसाला सात रुपयेही पडत नाहीत.

तिसरे खाते आपल्या मराठवाड्याचे आहे आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारे तेच आहे. जून 2003 मध्ये नाशिकजवळ बेलतगव्हाण शिवारातील एका वस्तीवर दरोडा पडला. पाच जणांचे बळी गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा इतका भयंकर होता, की कोणाला तरी पकडणे पोलिसांना भागच होते. जालना जिल्ह्यातील भटक्या समाजाचे सहा जण पकडले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतील एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. पुढे फेरविचार होऊन 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष मुक्त केले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, त्या चौघांचा तपासच झाला नाही, हे न्यायालयाने नोंदविले. जवळजवळ सोळा वर्षे गेली. त्यांतली बहुतेक फासाच्या छायेत.

न्यायालयाने राज्य शासनाला प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पुन्हा तोच भागाकार करू. दिवसाला सुमारे 87 रुपये. त्या वर्षी रोजगार हमीच्या कामावरची मजुरीसुद्धा दिवसाला 200 रुपयांवर होती.

आणि ही भरपाई दिली कोणी? ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून जाते. ज्यांनी तपास वाकडा नेला, त्यांच्या खाती काय पडले? न्यायालयाने गृह विभागाला जबाबदार अधिकारी शोधून, ते सेवेत असतील तर तीन महिन्यांत खातेनिहाय कारवाई करण्यास सांगितले. यापूर्वी 2014 मध्येही सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले होते, की आरोपी निर्दोष सुटलेल्या प्रत्येक खटल्याची तपासणी करा, तपासात आणि सरकारी पक्षाच्या कामात चूक कोणाची, ते ठरवा. तपासणी करणारे मात्र त्याच खात्यातले. आपल्या धंद्यात मुनीमच स्वतःच्या वहीचा लेखापरीक्षक झाला, तर सनदी लेखापाल सही करील काय? विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा सुचविला. अहवाल आहे, कायदा नाही.

यात आणखी एक बाजू राहून जाते. जे पाच जीव गेले, त्यांच्या नातलगांना काय मिळाले? चुकीची माणसे आत होती, तितकी वर्षे खरे गुन्हेगार बाहेर होते. निष्काळजी न्यायाचा खर्च फिर्यादीच्याही माथी बसतो. म्हणून ‘चोरांची बाजू का घेता?’ असे जे विचारतात, त्यांना मी सांगतो, की दुकान फुटलेल्या व्यापाऱ्यालाही खरा चोर हवा असतो. कोणीतरी आत गेला एवढ्याने त्याचे भागत नाही.

आता कारागृहाकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 अखेर देशातील कारागृहांची क्षमता 4,36,266 होती आणि आत माणसे होती 5,73,220. त्यांतील 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. शंभरांतील पंचाहत्तरांहून अधिक! महाराष्ट्रात त्या वर्षी कैद्यांची संख्या क्षमतेच्या दीडपटीहून जास्त होती. यालाच अतिभारारोपण म्हणतात. यांतील अनेक जण आत राहतात ते गुन्हा मोठा म्हणून नव्हे, तर जामिनाची रक्कम आणि जामीनदार नाही म्हणून. त्यांना ठेवण्याचा, खाऊ घालण्याचा, तारखेला पोलीस पहाऱ्यात नेण्या-आणण्याचा खर्च सरकार करते. काही हजारांचा जामीन वाचविण्यासाठी त्याहून कितीतरी अधिक खर्च चालू ठेवणारा हा व्यवहार कोणता व्यापारी करील?

केंद्र शासनाने 2023 मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली. सुरुवातीच्या नियमांनुसार न्यायाधीन कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत रक्कम त्यातून मिळू शकत होती. गंभीर गुन्ह्यांना ती लागू नाही, हे योग्यच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, काही अपवाद सोडता, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या न्यायाधीन कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडावयाचे असते. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकली आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधीन कैद्यांची आढावा समिती आहे, तिने दर तीन महिन्यांनी बसावयाचे असते. कोठडीतील कोणत्याही माणसाला, त्याचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. कागदावर सर्व काही आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे, आणि अंमलबजावणी आकड्यांशिवाय कळत नाही.

अन्नपाननिरोधाचे एक उदाहरण सांगतो. जून 2017 मध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात एका कैदी स्त्रीचा मृत्यू झाला. शिधावाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी आल्याची तक्रार तिने केली, त्यावरून तिला अमानुष मारहाण झाली, असा आरोप झाला. सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला. अंडे आपल्या ताटात येत नाही. तरीही या प्रसंगात माझे लक्ष वेधले ते हिशेबाकडे. एका कैदी बाईने सरकारी शिधा मोजला आणि तो कमी आहे, असे सांगितले. एवढेच तिने केले.

सगळे चित्र काळेच आहे, असे मात्र नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत आहे. औंध संस्थानचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये ती वसविली. भिंत नाही, बेड्या नाहीत, कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात. व्ही. शांताराम यांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. आपल्या मराठवाड्यातही पैठणला खुले कारागृह आहे. भिंती आणि पहारा जितका कमी, तितका खर्च कमी, आणि माणूस सुटून आल्यावर कामाची सवय घेऊन येतो. ऐंशी वर्षांहून अधिक काळ चाललेला प्रयोग मोजक्याच ठिकाणी का राहावा, याचेही उत्तर शासनाने द्यावयास हवे.

आपण पांजरपोळांना देणग्या देतो, कसायाच्या हातून जनावर सोडवितो. ते पुण्यकर्म चालू राहावे. माणसाच्या बाबतीत मात्र देणगीपेक्षा प्रश्न विचारणे अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते, कारण पैसा सरकारने आधीच बाजूला काढून ठेवलेला आहे.

म्हणून मी एक अर्ज तयार करून आणला आहे. माहिती अधिकाराचा, दहा रुपयांचे तिकीट लावलेला आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे 150 शब्दांत बसविलेला. लातूर जिल्ह्यापुरते चार प्रश्न त्यात आहेत. गेल्या बारा महिन्यांत आढावा समितीच्या बैठका किती झाल्या? समितीने किती जणांच्या सुटकेची शिफारस केली आणि प्रत्यक्षात सुटले किती? जामीन मंजूर होऊनही रक्कम न भरल्यामुळे आज किती जण आत आहेत? गरीब कैद्यांच्या योजनेतून आतापर्यंत किती रुपये खर्च झाले? अर्ज व्यक्तीच्याच नावाने करावा लागतो, तेव्हा तो माझ्या नावाने जाईल. तीस दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास अपील करीन. आलेले उत्तर, ते जसे असेल तसे, संस्थेच्या सूचनाफलकावर लावण्याची परवानगी अध्यक्ष महोदयांनी द्यावी, एवढी विनंती करतो.

जय जिनेंद्र.